निम्मे ढापे

गेल्या ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, हिर्डोशीकडच्या एका वाडीत माझ्या मामेसासऱ्यांनी ओढ्यावरच्या बंधाऱ्याचे निम्मेच ढापे टाकले. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत त्यांच्याइतका दुसऱ्याला विचारून वागणारा माणूस नाही, आणि हे विधान मी चौकशी करून करतो आहे. भोरच्या बाजारात चप्पल घ्यायची तर ते समोरच्या दुकानदाराला विचारतात, ‘याच्याकडनं घिऊ का?’ एकदा एसटीच्या पायरीवर उभं राहून त्यांनी वेल्ह्याला आज जावं की उद्या, याबद्दल कंडक्टरचं मत घेतलं. ड्रायव्हरचं मत उलट पडलं. मामा विचार करायला खाली उतरले आणि एसटी गेली. स्वतःच्या लग्नाच्या बैठकीत त्यांनी मुलीच्या वडिलांना विचारलं होतं, ‘माझ्या जागी तुमी असता तर काय केलं असतं?’ वडील म्हणाले, ‘आवो, पोरगी माझी हाय. म्या कसा तुमच्या जागी येऊ?’

वाडीच्या पाणी समितीने ढापे टाकायचं काम अशा माणसाला दिलं, ते पूर्ण विचारांती. सगळ्यांना विचारणारा माणूस असला की नंतर तक्रार करायला कोणी उरत नाही. ढापे म्हणजे बंधाऱ्याच्या गाळ्यांत बसवायच्या लोखंडी फळ्या. त्या टाकल्या की पाणी अडतं, आणि काठच्या विहिरीला उन्हाळाभर प्यायचं पाणी राहतं. पूर्वी पाऊस थांबला की टाकायचे. आता पाऊस गेलेला परत येतो. लवकर टाकले तर पाणी काठच्या शेतांत शिरतं, उशीर झाला तर ओढा वाहून आटतो. म्हणून पुण्याच्या एका संस्थेने मामांच्या मोबाईलवर एक कार्यक्रम घालून दिला. प्रवाह किती, विहीर किती, पावसाचा अंदाज काय, हे घेऊन तो प्रत्येक पर्यायाचा फायदा-तोटा सांगे, आणि शेवटी लिही : ‘अंतिम निर्णय आपला.’

मामा ते वाचून दुखावले. ‘एवढं शिकलंय, आन् शेवटी मलाच इचारतंय व्हय?’

संस्थेची मुलगी म्हणाली, ‘काका, ते फक्त मदत करतं.’

‘मदत करायला हितं आख्खी वाडी हाय, बाई. निर्णय घेणारंच कोण न्हाई.’

मी दिवाळीला तिथेच होतो. त्या सकाळी मोबाईलने सांगितलं, चार दिवसांत जोराच्या पावसाची शक्यता निम्मी. बंधाऱ्याला लागून मामांच्या थोरल्या बहिणीचं, आक्कांचं, शेत आहे. त्यांचं भात कापून वाळत पडलं होतं.

‘आक्के, टाकू का ढापं?’

‘टाकलंस आन् पाऊस आला, तर माझं भात गेलं.’

‘मंग नगं टाकू?’

‘न्हाई टाकलंस तर मे म्हयन्यात हंडा घिऊन डोंगर कोण चढनार? तू?’

‘मंग करू काय?’

‘येड्या, दाढी पांढरी झाली तुझी. म्या पाळण्यापास्नं सांगत आलेय. आता न्हाई सांगायची.’

आक्का विळा घेऊन निघून गेल्या. मामा बराच वेळ बंधाऱ्यावर बसले. मग त्यांनी मोबाईल खिशात घातला आणि गडी बोलावले. ‘शक्यता निम्मी हाय ना? मंग निम्मंच टाका.’ हा पर्याय कार्यक्रमात नव्हता. फोनवर संस्थेची मुलगी म्हणाली, ‘काका, निम्मे म्हणजे नक्की किती?’

‘माझ्या कमरंइतकं.’

तिसऱ्या दिवशी पाऊस आला. ओढ्याचं पाणी ढाप्यांवरून निघून गेलं. आक्कांच्या भाताच्या काठच्या दोन ओळी भिजल्या, बाकीचं वाचलं. पाऊस ओसरल्यावर मामांनी उरलेले ढापे टाकले. त्या दिवशी त्यांनी कोणाला विचारल्याचं कोणी सांगत नाही.

मे महिन्यात संस्थेचे लोक नोंद घ्यायला आले. त्यांच्या फॉर्मवर प्रश्न होता : निर्णय कोणी घेतला? मामांनी पेन उघडलं आणि आक्कांकडे पाहिलं.

‘ल्ही की तुझं नाव,’ आक्का म्हणाल्या. ‘माझ्याकडं काय बगतोस?’

मामा म्हणाले, ‘आक्के, चुकलं असतं तर?’

आक्का हंडा घेऊन विहिरीवर गेल्या. फॉर्मवरचा तो रकाना कोरा आहे. त्या दिवशी विहिरीत छातीइतकं पाणी होतं.