कडीला घंटा नव्हती

इथे लोक लिहितात ते श्रद्धेचे अनुभव मी नेमाने वाचतो, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठीच. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटी तपासतो. जे मोजता येत नाही ते मी रिपोर्टात लिहीत नाही. देवळात माझं काम बायकोच्या चपला सांभाळणं, एवढंच.

साळवे आमचा मेंटेनन्सचा फिटर, अठरा वर्षांचा मित्र. रहाटणीत प्लायवुडच्या दुकानावर त्यांचं छोटं चर्च आहे. तिथे घंटा नव्हती, म्हणून मशीनच्या भंगारातल्या ब्राँझच्या बुशपासून, म्हणजे जाड नळीपासून, त्याने परवानगी काढून एक घडवली. मला दाखवली. मी पान्याने ठोकली... बद्द आवाज.

"चीर आहे. रिजेक्ट." आणि गंमत म्हणून लाल टॅग बांधला.

"कदम, तू माणसंही रिजेक्ट करशील राव! आता तूच नीट करून चर्चला आण. तेवढंच यायचं निमित्त."

मी घंटा ड्रॉवरमध्ये टाकली. आज करू, उद्या करू... आणि एक दिवस मशीनजवळच साळवे छातीला हात लावून बसला, तो गेलाच.

महिन्याने साळवेच्या बायकोचा, रूथवहिनींचा फोन आला. "भावोजी, रविवारी सकाळी त्यांच्यासाठी प्रार्थना आहे. दारात वर घंटेसाठी कडी बसवून गेलेत. घंटा तुमच्याकडे आहे म्हणाले होते."

मी ठरवलं — जायचं, आणि घंटा माझ्यामुळे पडून राहिली हे वहिनींना तोंडावर सांगायचं. त्या बोलायच्या बंद झाल्या तरी चालेल.

जिना चढलो. सगळे बूट घालूनच आत बसले होते. मी मात्र काढले. दारात आलो आणि देवळात जातो तसा, लहानपणच्या सवयीने हात वर गेला. बोटांना नुसती रिकामी कडी लागली.

आणि घंटेचा टोला पडला. एकच. लांब, स्वच्छ.

पाळक थांबले. सगळ्यांच्या माना वळल्या. वहिनी उठून उभ्या राहिल्या. "आणलीत?"

"नाही वहिनी. ती कंपनीत आहे, कुलपात." मग तिथेच, सगळ्यांसमोर, सगळं सांगितलं. चीर, टॅग, माझी चालढकल.

वहिनींनी वर कडीकडे पाहिलं. "चिरकी तर चिरकी. त्यांच्या हातची आहे. आणा."

खाली दुकान बंद होतं. आसपास देऊळ नाही, शाळेला सुट्टी. टोला कुठून आला ते शोधायला जिना, गच्ची, दोन गल्ल्या — सगळं पाहिलं. सोमवारी ड्रॉवर उघडला. टॅग जागच्या जागी. रंग लावून चीर दाखवणारी डाय टेस्ट केली, चीर तेवढीच. ठोकली... बद्द.

आमच्याकडे रिजेक्ट माल सोडायचा तर फॉर्म भरावा लागतो. भंगाराच्या घंटेसाठी कोणी मागितला नव्हता, तरी मी भरला. येत्या रविवारी ती कडीला लागणार, मीच लावणार. खाली सही केली आहे.

'कारण' हा रकाना अठरा वर्षांत पहिल्यांदा कोरा सोडला.