टाचणी आणि घोटभर पाणी

प्लेगची पळापळ शमून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. सातवीतून शाळा सुटलेली मी लग्न होऊन धुळ्याकडून गुजरातेत बमरोलीच्या चाळीत आले होते. नवरा जवळच्याच सचिन गावच्या कारखान्यात, कापडाच्या लूमवर. घरी जाऊबाई आणि मी साड्यांना लेस लावायचो. आधी टाचण्यांनी लेस धरायची, मग मशीन मारायची. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून टाचण्या ओठांत. आमच्या चाळीत सगळ्याच बायका अशा, टाचण्यांच्या फटीतून गप्पा मारायच्या.

एके दुपारी जाऊबाईंनी माल नेणाऱ्या शेठची नक्कल केली. मला हसू आवरेना, आणि एक टाचणी घशाखाली गेली.

जाऊबाईंनी केळी चारली, वर जाड भाकरी. त्यात गुंडाळून ती आपोआप बाहेर पडेल, असं सगळ्याच म्हणाल्या. मीही तेच धरून बसले. पण काही दिवसांनी ताप चढला, पोट पाटीसारखं कडक झालं. जेठ, म्हणजे मोठे दीर, रिक्षा घेऊन आले आणि सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. एक्स-रेच्या फोटोत टाचणी दिसली. आतडं टोचून ती बाहेर आली होती, आत पू झाला होता. लगेच पोट उघडावं लागलं. रक्त लागलं तेही जेठांनीच दिलं.

शुद्धीवर आले तेव्हा नाकात नळी, तोंडात कोरड. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर बाई गुजराती. त्यांनी मोडक्या हिंदीत समजावलं की शिवलेलं आतडं चालायला लागलं की वारा सरतो, तोवर पाण्याचा थेंबही नाही. नाहीच चाललं तर परत उघडून बघावं लागेल.

परत उघडून हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. चाललं की आतडं चालतं असं नर्सने सांगितलं, म्हणून टाके धरून, नळीची पिशवी हातात घेऊन मी व्हरांड्यात फेऱ्या घालायला लागले. मी मनाशी म्हणायचे, इतक्या लांब येऊन असं मरायचं नाही.

आणि एका पहाटे वारा सरला. मी एकटीच पडल्या पडल्या रडले.

सकाळी डॉक्टर बाई आल्या, आणि नेमके जेठ खाटेच्या पायथ्याशी उभे. लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. ते खोकून घरात यायचे, मी पदर नाकापर्यंत ओढायचे. आमच्याकडे तशीच रीत.

“वाछूट थई?” वारा सरला का, हे डॉक्टर बाईंनी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विचारलं.

मी पदर ओढला आणि मान वळवली. त्यांनी पोट दाबून बघितलं, कपाळाला आठी घातली आणि नर्सला पुन्हा फोटो काढायला सांगितलं. पुढच्या खाटेकडे वळल्याही. जाऊबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी लाजतेय हे त्यांना कळलं असावं. कानाशी येऊन म्हणाल्या, “टाचणी पोटमा जायेल, आते कसानी लाज?”

माझे कान तापले होते. पण तहान त्याहून मोठी होती, आणि परत उघडण्याची भीती सगळ्यांत मोठी. मी पदर मागे सारला आणि जेठांच्या देखत मोठ्याने म्हणाले, “बाई, झाली. पहाटेच झाली.”

बाजूच्या खाटेवरची म्हातारी हसली. डॉक्टर बाई परतल्या, पोटाला नळी लावून ऐकलं आणि आधी रागावल्या, मग हसल्या. घोट घोट पाणी द्या, म्हणाल्या.

जेठ खिडकीबाहेर बघत होते. ते वळले, माठातून पेला भरला, आणि जाऊबाईंकडे न देता माझ्यासमोर धरला. “हळू पी,” एवढंच म्हणाले.

त्या घोटाची चव मला अजून आठवते. टाचण्या मात्र त्यानंतर आम्ही दोघी मनगटाला बांधलेल्या कापसाच्या गादीत खोचायला लागलो, आणि मग हळूहळू सगळी चाळच.