गाडी येईपर्यंत काही धुऊ नका

रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून मी बरीच वर्षं काढली. राहायला रोह्याला, ड्यूटी पेणला, बारा तासांची. सकाळच्या ट्रेनमध्ये कासू येईपर्यंत मी डोळे मिटून बसायचे. झोप लागायची नाही, पण कुणाशी बोलावंही लागायचं नाही. हातपाय दुखतात ते रात्री झोपलं की थांबतात. आपण पोचेपर्यंत काय होऊन बसलं असेल, हा घोर मात्र रोज नव्याने लागायचा, आणि त्याने मी आतून पार शिणून गेले होते.

गाडीवरचा ड्रायव्हर माझ्यापेक्षा वयाने मोठा. मी त्याला दादा म्हणायचे, तो मला मॅडम. त्याचं बोलणं कमी, माझं तोंड जरा जास्तच चालायचं, त्यामुळे आमचं जमलं.

गावं आम्हाला मदत करत नव्हती, असं कुणी म्हणू नये. उलट मदतच अंगावर यायची. फाट्यावर कुणीतरी टॉवेल हलवत उभा असायचाच. गाडी चिखलात रुतली की शेतातली लावणी सोडून माणसं ढकलायला यायची. जिथे रस्ता संपायचा तिथून पुढे झोळी करून पेशंटला खाली आणायची. आणि चहा. चहाला नाही म्हटलं की चेहरे उतरायचे, म्हणून आम्ही उभ्या उभ्या, तोंड भाजत तो प्यायचो.

पण एका गोष्टीने माझं डोकं फिरायचं. गाडीला फोन गेला, की घरातल्या बायका पेशंटला आवरायला घ्यायच्या. अंग पुसायचं, वेणी घालायची, ट्रंकेतली चांगली साडी काढायची. तालुक्याच्या दवाखान्यात माणूस असं कसं न्यायचं! तापाने फणफणलेल्या म्हाताऱ्याला घरच्यांनी कडक इस्त्रीचा सदरा घातलाय आणि आता टोपी शोधताहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दादा म्हणायचा, मॅडम, लग्नाला निघाल्यासारखी तयारी हाय. मी हसायचे नाही.

गागोद्याच्या पुढे डोंगराच्या अंगाला एक वाडी आहे. भातशेती करणारी पाच-पंचवीस घरं. तिथून एकदा भर दुपारी गावातल्या आशा कार्यकर्तीचा फोन आला. एका घरातली सून घरीच बाळंत झाली होती, वार पडली होती, मूलही चांगलं होतं, फक्त दवाखान्यात न्यायचं होतं. आम्ही पोचलो तर अंगण नुकतंच सारवलेलं, अजून ओलं. आत जमीन पुसून लख्ख. सून भिंतीला टेकून बसलेली, अंगावर कोरी हिरवी साडी, कपाळाला कुंकू, केस विंचरलेले. सासू दारातच हात पुसत उभी होती. बुटकी, चटपटीत बाई. तिने दादाला खुर्ची दिली आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं.

मी विचारलं, रक्त किती गेलं? सासू म्हणाली, जातं तेवढंच. साडीवर डाग नव्हता. अंथरूणसुद्धा नवीन होतं. मी सुनेचा हात धरला, तर तळवा थंडगार आणि नाडी इतकी बारीक आणि पळती, की क्षणभर मला सापडेचना. पापणी ओढून पाहिली, आत पांढरं. समोर दिसत होतं ते एक आणि हाताला लागत होतं ते भलतंच.

मी उठून मागच्या दाराने परसात गेले. तिथे शेजारची बाई दगडावर गोधडी धूत होती. एक धुऊन वाळत घातलेली, दुसरी हातात, शेजारी लुगड्यांच्या चिंध्यांचा ढीग. पाणी वाहत केळीच्या बुंध्याशी जात होतं आणि ते लाल होतं. मी घाबरले. तशीच आत धावले.

पुढचं भराभर झालं. पोटावरून गर्भाशय दाबून धरायचं, सलाईन, इंजेक्शन, स्ट्रेचर. दादाने गाडी अशी काढली की चहा चुलीवरच राहिला. मी एका हाताने पोट दाबत होते आणि मान वळवून सासूवर ओरडत होते. तुमच्या या टापटिपीने पोरीचा जीव गेला असता, डाग बघून मला कळतं, ते धुऊन टाकलं तर मी काय बघायचं? आणखीही बरंच बोलले. बाळाला छातीशी धरून ती ऐकत होती. मग म्हणाली, "बाय, तुम्ही आपली घरं सोडून आमच्यासाठी धावत येता. तुमच्या म्होरं घाण कशी ठेवायची?"

मी मान वळवली आणि पोट दाबत राहिले. रक्त द्यायला पुढे अलिबागला न्यावं लागलं. पेणजवळची रामवाडी मागे पडली तेव्हा सुनेने पाणी मागितलं, आणि मी पहिल्यांदा पाठ टेकली. ती वाचली.

अलिबागला गाडीतून उतरताना मी सासूला बजावलं, यापुढे गाडी येईपर्यंत काही धुवायचं नाही. माणूस जसं असेल तसं ठेवायचं. मी बघितल्यावर मग धुवा.

तिने ते इतकं मनावर घेतलं, की बोलायची सोय नाही. लग्नात, बारशाला, बाजारात, जिथे चार बायका भेटतील तिथे ती सांगत सुटली. आजूबाजूच्या वाड्यांत तो नियमच झाला. एका घरात तर जुलाब लागलेल्या माणसाचं सगळं बादलीत जपून ठेवलं होतं आणि मोठ्या अभिमानाने झाकण काढून आम्हाला दाखवलं. दादा त्या दिवशी जेवला नाही. पण खरं सांगते, त्या नियमाने माझं काम सोपं झालं.

मग एका पावसाळ्याच्या शेवटी त्याच घरून फोन आला. सासू अंगणात कोसळली होती. आम्ही गेलो तेव्हा ते मूल ओटीवर धावत होतं.

ती खाली पडली होती तिथेच घोंगडीवर होती. एक बाजू लुळी, तोंड वाकडं. उलटी झालेली, कपड्यांत सगळं झालेलं, आणि त्यात ती तशीच. माशा बसत होत्या. सून उशाशी पंख्याने माशा वारत होती. शेजारी कढत पाण्याचा हंडा, पंचा आणि घडी घातलेली हिरवी साडी. सगळं तयार, पण कुणी हात लावला नव्हता. म्हातारीला शुद्ध होती. मला बघून तिने चालत्या हाताने पदर ओढायला घेतला, तो कमरेपर्यंतसुद्धा पोचेना. मग तिने तोंड फिरवलं.

मी तपासलं. डोक्यात मोठा रक्तस्राव असणार, हे डोळ्यांच्या बाहुल्यांवरूनच दिसत होतं. नेणार तर होतेच, पण ही परत येणार नाही हे मला कळलं होतं. मी स्ट्रेचर आणायला सांगितलं. तेवढ्यात सून म्हणाली, "बाय, तुम्ही बघितलं ना सगळं? आता धुऊ?"

मला रडू आलं. या कामात ते मी फार पूर्वीच बंद केलं होतं, पण आलं. मी म्हटलं, धू गो. आणि मीच खाली बसले. तिने पुसलं, मी वळवून धरलं, तिने साडी गुंडाळली. दादा पाठ करून स्ट्रेचरपाशी उभा राहिला. म्हातारीचा चालता हात माझ्या मनगटावर होता. दवाखान्यापर्यंत तिने तो काढला नाही.

पेणला ड्यूटीवर एक नवा, तरुण डॉक्टर होता. त्याने म्हातारीची स्वच्छ साडी, विंचरलेले केस पाहिले आणि सगळ्यांच्या देखत मोठ्याने विचारलं, हिने कपड्यांत काही केलं होतं का? प्रश्न बरोबर होता, झटक्यात शरीरावरचा ताबा सुटला होता का हे त्याला कळायला हवंच होतं. मीही तोच विचारला असता. म्हातारीचे डोळे माझ्याकडे होते.

मी टेबलाला वळसा घालून गेले आणि त्याच्या कानाशी लागून सगळं सांगितलं.