मंदीवाले जीजाजी

मंदीवाल्या जीजाजींनी खावटी, म्हणजे ताईची पोटगी, वेळेच्या आधी दिली, असा प्रसंग आमच्या घरात एकदाच घडला. नोटबंदी जाहीर झाली त्याच्या दुसऱ्याच सकाळी गोंदियाजवळच्या आमच्या मुर्रीच्या घरासमोर त्यांची मोटारसायकल उभी राहिली. हातात कापडी पिशवी. पिशवीत ताईची थकलेली खावटी आणि वर पुढच्या काही महिन्यांची आगाऊ, सगळी पाचशेच्या जुन्या नोटांत. "घ्या साळीबाई, मांगून हिसाब बाकी नोको," असं मला, त्यांच्या मेहुणीला, म्हणून त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली आणि पाणीही न पिता निघाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ताईला म्हटलं, फेक त्यांच्या तोंडावर. ताई म्हणाली, "फेकलेल्या नोटा गोळा करायलाही मलाच वाकावं लागेल." आणि दुसऱ्या दिवशी बँका उघडल्या तशी आधार कार्ड घेऊन ती रांगेत जाऊन उभी राहिली.

हे जीजाजी म्हणजे ताईचा नवरा. त्या सकाळपर्यंत माजी नवरा झालेला. तिरोड्याच्या रस्त्याला त्यांची राइस मिल होती. पांढरी सफारी, खिशाला सोनेरी पेन, अत्तराचा वास आणि त्या वासाखाली भाताच्या कोंड्याचा वास. लग्न ठरलं तेव्हा आमच्या आईला वाटलं, पोरीच्या घरी तांदळाची कमी पडणार नाही. तांदळाची नाही पडली. बाकी सगळ्याची पडली. त्यांनी ताईला कधी मारलं नाही, दारू प्यायले नाहीत, बाहेर कुठे भानगड नाही. घरात पैसा द्यायचा नाही, एवढंच. मीठ संपलं तरी मंदी, चप्पल तुटली तरी मंदी. त्यांची मुलगी गुड्डी लहान असताना टायफाइडने तापली, तेव्हा दवाखान्याचं नाव काढल्यावरही त्यांनी तोच शब्द काढला. त्या दिवशी ताई पोरीला खांद्यावर घेऊन रिक्षात बसली आणि आमच्याकडे आली, ती परत गेली नाही. पुढे आपसात घटस्फोट झाला. एकरकमी काही द्यायला जीजाजींनी काखा वर केल्या, म्हणून दोघींसाठी महिन्याची खावटी ठरली.

"मंदी चालून राहिली जी." हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि ते म्हणताना ते खाली बघून सफारीवरची न दिसणारी धूळ झटकायचे. धान महाग झालं की मंदी, धान स्वस्त झालं की त्याहून मोठी मंदी. एखाद्या हंगामात मिलसमोर ट्रकांची रांग लागली आणि मी रस्त्यातच अडवून विचारलं, की जीजाजी, आता तरी? तर म्हणायचे, "बजार गरम हाये ना साळीबाई, तं पैसा पुरा मालात अडकून राहिला." म्हणजे बाजार थंड असला तर पैसा नाही आणि गरम असला तर पैसा मोकळा नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. पण हे गणित मला आजपर्यंत सुटलेलं नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करते, नाहीतर माझं जेवण मला पचायचं नाही. त्यांनी मला तांदूळ ओळखायला शिकवलं. मी कॉलेजात होते, ताईकडे सुट्टीत गेले होते. त्यांनी पोत्यातले चार दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, "दाताखाली धर. कट् वाजला तं वाळला. दबला तं वलावा हाये, ठेवला का सडते." डोळे मिटून दाणा चावायचे ते, आणि कोणत्या बाजूच्या शेतातलं धान असेल ते सांगायचे. इटियाडोह धरणाच्या पाण्याचा दाणा कसा लागतो आणि बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाण्याचा कसा, हे इतक्या प्रेमाने सांगायचे की ऐकत राहावं. तेवढ्या प्रेमाने त्यांनी पोटच्या पोरीची चौकशी केली असती, तर मी हे लिहायला बसलेच नसते.

आणि हात आखडता म्हणावा, तर तसंही नाही. हा माणूस उधळायचा. पण तिथे माइक लागायचा. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. जत्राच ती, पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, मिठाईची दुकानं लागतात, आणि दुपारी चौकात दंडार होते. पुरुषच बायांची लुगडी नेसून नाचतात, गातात, सोंगं काढतात. पाहणाऱ्याला आवडलं की तो बक्षीस देतो आणि माइकवाला त्याचं नाव गावभर पुकारतो. नाव पुकारलं की देणाऱ्याने उभं राहून चारी बाजूंना हात जोडायचे, अशी रीत. जीजाजी या मंडईतून त्या मंडईत एवढ्यासाठीच फिरायचे. घरी पोरीला वहीला पैसे नाहीत आणि इथे नाच्याला नोटांवर नोटा! नाव पुकारून झालं की शेजारच्याला कोपर मारून विचारायचे, "सबन लोकायले आयकू गेला ना जी?" कोणी म्हटलं, मागे नाही आलं, तर पुन्हा एक नोट पाठवायचे.

गुड्डी बारावी झाली आणि तिने नर्सिंगला जायचं ठरवलं. टायफाइडमध्ये दवाखान्यातल्या एका सिस्टरने तिला रात्रभर मांडीवर घेतलं होतं म्हणे. तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. कॉलेज खासगी. फी ताईच्या शिवणकामातून आणि माझ्या पगारातून भागेना, कारण घरात म्हातारी आई आणि तिचं औषधपाणीही होतं. म्हणून ताईने खावटी वाढवून मिळावी असा अर्ज कोर्टात केला. जीजाजींनी उलट अर्ज ठोकला, की आहे तीच कमी करा. लॉकडाउनने धंदा बुडाला, मिल बंद, अर्जदार स्वतःच उपासमारीच्या दारात उभा आहे. शपथेवर लिहून दिलं. लॉकडाउनमध्ये कितीतरी लोकांचं खरंच सगळं गेलं. आमच्या गल्लीतला पाणीपुरीवाला गेला तो परत उभा राहिला नाही. त्याच्या तोंडी हे शब्द शोभले असते. यांच्या मिलमध्ये तर रेशनच्या धानाची भरडाई जोरात चालू होती, धुराडं एक दिवस थंड नव्हतं. पण चार कागद दाखवून ते सांगत होते की मिल बंद आहे, आणि कागदाला वास येत नाही. आमच्या वकीलबाईंनी स्पष्टच सांगितलं, हे खोटं पाडता आलं नाही तर खावटी कमी होईल आणि पोरीचं कॉलेज विसरा.

त्यातच मंडई आली. गुड्डी मामाच्या गावी, म्हणजे माझ्या चुलतभावाकडे, मंडईला गेली होती, बायांच्या घोळक्यात मागे बसली होती. दंडार रंगात आली आणि माइकवर आवाज घुमला, "राइस मिलचे मालक, दानशूर, श्रीमान तुळशीराम सेठजी यांच्याकडून आपल्या दंडारीला पाच हजार रुपयांची प्रेमाची भेट! जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!" पुढच्या रांगेतून पांढरी सफारी उठली आणि चारी बाजूंना हात जोडू लागली. गुड्डीकडे वळून हात जोडले तेव्हा पोरगी त्यांना दिसलीसुद्धा नाही. घरी येऊन तिने सांगितलं आणि पहिल्यांदा रडली. म्हणाली, "मावशी, कोर्टात उपाशी आहे म्हणतात आणि नाच्याला देतात. मी नाच्याइतकी पण नाही का गं?"

वकीलबाईंनी त्या माइकवाल्यालाच साक्षीला बोलावलं. सुकराम त्याचं नाव. साधा माणूस, कोर्टाला घाबरलेला. आधी पुटपुटतच बोलला. न्यायाधीश म्हणाले, नक्की काय पुकारलं ते सांगा. पुकारायचं म्हटल्यावर सुकरामच्या अंगात वारं भरलं. त्याने ताठ उभं राहून, मूठ तोंडाशी धरून, छातीतून आवाज काढला, "राइस मिलचे मालक, दानशूर, श्रीमान तुळशीराम सेठजी..." आणि कोर्टात आपल्या वकिलामागच्या बाकावर बसलेले आमचे जीजाजी उठून उभे राहिले. सवय हो! हात जोडले, डावीकडे नमस्कार, उजवीकडे नमस्कार, आणि तिसऱ्या बाजूला वळले तर समोर न्यायाधीश. त्यांच्या वकिलाने सफारीचं टोक धरून खाली ओढलं तेव्हा ते बसले. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. मी पदर तोंडात कोंबला होता, तरी माझं हसू ऐकू गेलंच.

खावटी वाढली. गुड्डी कॉलेजला गेली. कोर्टाबाहेर जीजाजींनी मला गाठून विचारलं, "काऊन जी साळीबाई, गावातली गोष्ट कोर्टात आनाची होती का?" जणू चूक आमची होती, आणि त्यांनी फक्त आनंदात चार पैसे उधळले होते.

मग खरी मंदी आली. तांदळाची परदेशी विक्री बंद झाली आणि ज्यांनी चढ्या भावाने धान भरून ठेवलं होतं ते सगळे अडकले. जीजाजी सर्वांत जास्त, कारण त्यांना पोत्यांची सगळ्यांत मोठी थप्पी लावून दाखवायची हौस. माल पडून राहिला, बँकेने तगादा लावला, आणि ते दारोदार सांगत फिरले, मंदी चालून राहिली जी. कोणी विश्वास ठेवीना. लोक हसायचे, सेठ, तुमची मंदी तर जुनीच आहे. गुड्डीची खावटीही बंद पडली. शेवटचं वर्ष आम्ही बहिणींनी दागिना मोडून काढलं. मिल विकली गेली. साखरेच्या आजाराने त्यांच्या पायाची बोटं गेली. मला आनंद झाला का? झाला. थोडा वेळ. एकदा बाजारात ते काठी टेकवत एका दुकानासमोरच्या पोत्यातला दाणा दाताखाली धरून उभे दिसले, आणि दुकानदार त्यांना हाकलत होता. त्यानंतर आनंद म्हणावा तसा राहिला नाही.

पण हा माणूस तुम्हाला फार वेळ कीव करू देत नाही. गुड्डी सिस्टर झाली, गोंदियाच्या एका दवाखान्यात लागली, पहिले काही पगार हातात आले, आणि वकिलाची नोटीस आली. अर्जदार आजारी, निराधार, मुलगी कमावती, सबब मुलीने बापाला दरमहा खावटी द्यावी. कायद्यात तसं बसतं, म्हणे. मी नोटीस वाचून घरभर नाचले. म्हटलं, तोंड वर करून मागतो मेला! एक दमडी द्यायची नाही, सुकरामला पुन्हा उभा करू, सगळं काढू. ताईने नोटीस घडी करून ठेवली. गुड्डी ड्यूटीवरून आली होती, पाय पाण्यात सोडून बसली होती. म्हणाली, "देईन मी मावशी. कोर्टाने सांगायची वाट पण नाही बघत. पण त्यांनी जिथे दुनियेला दिले ना, तिथेच देईन. माइकवर. चार लोकांत लाज वाटू दे एकदा."

मला ते इतकं आवडलं की मी त्या मंडईला सुट्टी काढून गेले. मामाचं तेच गाव, तोच चौक. जीजाजी पुढेच खुर्चीवर होते, सफारी पिवळट पडलेली, काठी मांडीवर. दंडार थांबली. गुड्डीने पाकीट सुकरामच्या हातात दिलं आणि काय पुकारायचं ते कानात सांगितलं. सुकराम जरा चाचरला. मग त्याने मूठ नाही, खरा माइक तोंडाशी धरला. "आपल्या गावची भाची, कुमारी गुड्डी सिस्टर, यांच्याकडून त्यांचे वडील श्रीमान तुळशीराम सेठजी यांना या महिन्याच्या जेवणाखाण्यासाठी खावटी! ज्या वडिलांनी कोर्टाने सांगितल्याशिवाय तिला दिली नाही, त्यांना ती कोर्टाने न सांगता देत आहे!"

मग मागून कोणीतरी हसलं, आणि ते हसू पुढे पुढे येत गेलं. मी जीजाजींकडे बघत होते. वाटलं, आता मान खाली जाईल. आता काठी घेऊन उठतील आणि निघून जातील.

ते उठले. काठीवर भार देऊन, तोंड वाकडं करत उठले. काठी बगलेत धरली, हात जोडले, आणि त्या बिनबोटांच्या पायावर हळूहळू फिरत चारी बाजूंना नमस्कार केला. गुड्डी बायांमध्ये उभी होती. या वेळी त्यांना ती दिसली. तिलाही त्यांनी इतरांसारखाच हात जोडून नमस्कार केला. मग पुढे जाऊन पाकीट घेतलं, सफारीच्या खिशात सोनेरी पेनाजवळ सरकवलं, आणि परत येताना माझ्या खुर्चीपाशी थांबले. कोर्टाने नातं तोडून इतकी वर्षं झाली, तरी मी त्यांची साळीबाईच होते.

"साळीबाई," ते वाकून म्हणाले, "माइक बराबर चालून राहिला होता ना? माहा नाव सबन लोकायले आयकू गेला ना जी?"

गुड्डी मागे येऊन उभी राहिली होती. तिने ते ऐकलं, आणि माझा दंड धरून म्हणाली, "चल मावशी, घरी."

"गेलं जीजाजी," मी म्हटलं. "शेवटच्या रांगेपर्यंत गेलं."

ते खूश होऊन खुर्चीवर बसले आणि सुकरामला हाताने खूण केली, की दंडार चालू कर.