सात वर्षांची परवानगी मागायला, बोटीने दुबईला

बंदरावर आम्हाला पोचवायला निम्मा मोहल्ला लोटला होता. साहजिकच होतं. तोवर आमच्या गावातले पुरुष दुबईला जायचे आणि बायका पत्रांची वाट बघत घर सांभाळायच्या. नवऱ्याला भेटायला म्हणून बोटीत बसणारी अम्मी ही पहिलीच. कुणी म्हणालं नशीबवान, कुणी म्हणालं खुळी. फुपू, म्हणजे अब्बांची थोरली बहीण, तिने भावासाठी आंबापोळी आणि कोकमं बांधून दिली आणि मला बजावलं, बापाला भेटलीस की लगेच परत ये, शिवण शिकायचं राहिलंय तुझं. मी मुकाट्याने मान हलवली. एरवी मुकाट्याने काही करणं माझ्या स्वभावात नाही, पण त्या दिवशी गप्प बसण्यातच शहाणपण होतं.

ही साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी मॅट्रिक चांगल्या मार्कांनी पास होऊन घरात बसले होते. आमच्या शाळेतल्या बाईंनी कुठूनसं शोधून काढलं होतं, की उत्तरेकडच्या एका विद्यापीठात मुलींसाठी नवा अभ्यासक्रम निघालाय. मॅट्रिकनंतर सरळ प्रवेश, सात वर्षं, आणि बाहेर पडताना बी.एस्सी. आणि डॉक्टरकी दोन्ही पदरात. मध्ये पुन्हा अर्ज करायचा नाही, पुन्हा कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. अट एकच होती, पण ती डोंगराएवढी. लग्नासाठी किंवा दुसऱ्या कशासाठी मुलीला मधूनच काढून नेणार नाही, असं पालकाने आधीच लिहून द्यायचं.

आता आमचे अब्बा. त्यांनी आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटलं नव्हतं. ते 'मग बघू' म्हणायचे. छपराची कौलं बदलायची? मग बघू. कायमचे घरी कधी येणार? मग बघू. माझ्या प्रत्येक पत्राला उत्तर यायचं, की आधी साधं बी.एस्सी. कर, डॉक्टरकीचं मग बघू. पण सात वर्षांच्या त्या अर्जात 'मग बघू'ला जागाच नव्हती. हो किंवा नाही, आणि तेही आत्ताच. त्यात मी पाळण्यात असतानाच त्यांनी फुपूच्या मुलासाठी शब्द देऊन ठेवलेला. आई लवकर गेल्यामुळे फुपूनेच त्यांना वाढवलं होतं, तिच्यापुढे त्यांचा आवाज फुटत नसे. अर्जाची मुदत थंडी सरेपर्यंत होती. शेवटी अम्मी म्हणाली, पत्रांनी काही व्हायचं नाही, समोर जाऊन उभं राहू या. अम्मी असं कधी बोलत नसे. मी तिच्याकडे बघतच राहिले.

मुंबईहून मोठ्या बोटीच्या डेकवर आम्ही पथारी पसरली. माझा मामू त्याच बोटीवर खलाशी होता, म्हणून तर आम्हा दोघींना एकटं पाठवायला घरचे तयार झाले. कराचीपर्यंत मी उलट्या करत होते. डॉक्टर होणार म्हणून मिरवणारी मुलगी बादलीत तोंड घालून बसलेली बघून शेजारच्या गुजराती बाईने लिंबाचं लोणचं चाटवलं आणि विचारलं, 'डॉक्टरीणबाई, औषध लागू पडलं का?' मी पुन्हा बादलीवर वाकले. मस्कतला मात्र डोळे उघडले. काळे उघडेबोडके डोंगर थेट समुद्रात उतरलेले, झाडाचं एक पान नाही. आमच्या हिरव्यागार किनाऱ्याची सवय असलेल्या डोळ्यांना ते बघून धडकीच भरली. अम्मी म्हणाली, 'या अल्ला, इथली माणसं सावली कुठून आणतात?'

दुबईला धक्का नव्हताच. बोट समुद्रातच नांगर टाकून उभी राहिली आणि आम्हाला शिडीवरून खाली, हेलकावणाऱ्या लहान होडीत उतरवलं. त्या गडबडीत अम्मीची एक चप्पल पाण्यात पडली. चार वर्षांनी नवऱ्याला भेटायला निघालेली बाई, नवी साडी, डोळ्यांत सुरमा, आणि पायात एकच चप्पल. ती अशी काही चिडली, की दुसरीही काढून तिने समुद्रात भिरकावली. होडी खाडीच्या तोंडातून आत शिरली. दोन्ही काठांना गलबतं दाटीने लागलेली, मागे मातकट घरं आणि त्यांच्या डोक्यावर बर्जील (वारा पकडून खाली खोलीत सोडणारे चौकोनी मनोरे). काठावर अब्बा उभे होते. ते इतके बारीक झाले होते, की मी आधी दुसऱ्याच माणसाला हात केला. त्यांनी अम्मीच्या अनवाणी पायांकडे बघितलं, स्वतःच्या चपला काढून तिच्यापुढे ठेवल्या आणि तापलेल्या वाळूतून पुढे चालू लागले.

अब्बा शिंपी होते. बाजाराच्या मागे त्यांचं इवलंसं दुकान होतं आणि त्याला लागून बरस्ती, म्हणजे खजुराच्या झावळ्यांची खोली. ते कंदुरे (पुरुषांचे पायघोळ पांढरे झगे) शिवायचे, आणि सगळा मोहल्ला त्यांना खय्यात (शिंपी) म्हणूनच ओळखायचा. पाणी गाढवावरून डब्यांतून यायचं आणि मचूळ लागायचं. त्यात अम्मीचा पहिला चहा असा बिघडला, की तिने तो ओतून दिला. रोटी मात्र काय सांगू! गल्लीच्या तोंडाशी एका इराण्याची भट्टी होती. तिथली थाळीएवढी गरम खुबूस आणि अम्मीने फुपूची कोकमं घालून केलेली ताज्या मासळीची आमटी. अब्बा जेवताना मान वर करत नव्हते. तिसऱ्यांदा आमटी घेतली तेव्हा म्हणाले, 'घरच्यासारखी झालीय.' अम्मी म्हणाली, 'घरच्यासारखी नाही, घरचीच आहे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक म्हातारी आली. चेहऱ्यावर बुरखा (तिथल्या बायका भुवया आणि नाक झाकणारा कडक मुखवटा लावत, त्याला हेच म्हणत), हातात खजुराची परडी. ही शेजारची उम्म सईद, म्हणजे सईदची आई. तिने मला नखशिखान्त न्याहाळलं, चटईवर बसकण मारली आणि झगा वर करून सुजलेला गुडघा माझ्यापुढे केला. मला वाटलं, पाहुण्यांना गुडघा दाखवायची इथली पद्धत असावी. मी आदराने दोन्ही हातांनी तो दाबला. ती किंचाळली. तेवढ्यात मागून आणखी दोघी आल्या. एकीने जीभ बाहेर काढून दाखवली, दुसरीने कडेवरचं रडणारं मूल माझ्या मांडीवर ठेवलं. मी गोंधळून अम्मीकडे बघत होते आणि अम्मी माझ्याकडे.

उम्म सईदचा नवरा मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईला जायचा. ती स्वतःही तिथे राहून आलेली, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी बोलायची. तिनेच उलगडा केला. 'तुम डॉक्टर,' ती बोट रोखून म्हणाली. 'तुमारा बाबा सबको बोला. सात साल पढेगा, फिर इधर आएगा.'

सात साल! मला तोंडात मारल्यासारखं झालं. सात वर्षांचा अभ्यासक्रम मी फक्त पत्रातून कळवला होता. म्हणजे अब्बा माझी पत्रं नीट वाचत होते, एकेका गिऱ्हाईकाच्या खांद्याचं माप घेताना आमची पोरगी डॉक्टर होणार म्हणून छाती फुगवून सांगत होते, आणि मला मात्र लिहीत होते, मग बघू! राग आला, रडू आलं, आणि खरं सांगते, आनंदही इतका झाला की काय करावं सुचेना. मी तिला मी डॉक्टर नाही हे समजावायचा प्रयत्न केला. तिने ऐकूनच घेतलं नाही. शेवटी गरम मिठाच्या पुरचुंडीने गुडघा शेकायला सांगितलं. आमच्या घरी तेच करतात. ती खूश होऊन गेली आणि संध्याकाळी वेलदोडा घातलेला गहवा (तिथली बिनदुधाची कॉफी) घेऊन परत आली.

त्यानंतरचे दिवस आठवले की आजही बरं वाटतं. अब्रात (खाडी ओलांडायच्या होडीत) बसून आम्ही पलीकडच्या देरा भागातल्या बाजारात जायचो. मसाल्यांचा आणि धुपाचा वास कपड्यांना लागून घरी यायचा. दुकानदार आमच्याशी हिंदीत बोलायचे आणि आपल्यासारखेच रुपये घ्यायचे. अब्बा पुढे, अम्मी मागे, मी मध्ये, असं आम्ही तिघं रस्त्याने कधी चाललोच नव्हतो. ओळखीचा कुणी भेटला की अब्बा माझ्याकडे हात करत आणि अरबीत काहीतरी सांगत. एवढ्या दिवसांत मला त्यातला 'तबीबा' (डॉक्टरीण) हा शब्द कळायला लागला होता. माझी नजर गेली की ते घाईने दुसरीकडे बघत. अर्जाचा विषय काढला की त्यांना दुकानात काम निघायचं.

परतीच्या बोटीचा दिवस जवळ आला. त्या शुक्रवारी अब्बांनी आम्हाला वस्तीबाहेर, समुद्राकाठी नेलं. आज माझा भाचा दुबईच्या करामा भागात राहतो, त्याची मुलं माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देतात. ते करामा तेव्हा नुसतं रेताड होतं, त्यातूनच आम्ही चालत गेलो. दूरवर दोन-चार उंट आणि पुढे निळंशार पाणी. अब्बांनी चादर अंथरली, अम्मीने कलिंगड कापलं. मला आणखी धीर धरवला नाही. मी विचारलं, की इथे सगळ्यांना सांगता ते घरी का नाही सांगत?

अब्बा वाळूत बोट फिरवू लागले. मग म्हणाले, 'इथे बोललेलं इथेच राहतं. कुणी जाब विचारत नाही. मग... बघू, इन्शाल्ला.'

अम्मीने सुरी खाली ठेवली.

'मी दर सुट्टीला विचारलं, कायमचे कधी येणार,' ती म्हणाली. 'एकदा जरी तुम्ही नाही म्हणाला असतात ना, तर मी रडून मोकळी झाले असते. माझं माझं काहीतरी बघितलं असतं. तुम्ही मग बघू म्हणालात आणि मी वाट बघत बसले. माझी सगळी उमर त्यात गेली. पोरीला तसं बसवू नका. नाही म्हणायचं तर नाही म्हणा, पण आत्ता म्हणा.'

तिचा आवाज चढला नव्हता, पण मी घाबरले. अब्बांनी तोंड फिरवलं होतं. त्यांचे डोळे भरले होते.

'मला नाही म्हणायचं नाहीये,' ते म्हणाले. 'पण आपासमोर हो म्हणायला माझी जीभ रेटत नाही.' फुपूला ते आपा म्हणत.

'नाही म्हणायचं नाहीये ना?' अम्मी म्हणाली. 'मग झालं.' आणि तिने पुन्हा कलिंगड कापायला घेतलं.

कलिंगड खाऊन आम्ही परतलो. अर्ज कोराच राहिला. निघायच्या दिवशी उम्म सईद लंगडत काठापर्यंत आली आणि खजुरांची एवढी मोठी टोपली देऊन गेली. अब्बांनी मला जवळ घेतलं. त्यांच्या झग्याला नव्या कापडाचा वास येत होता. मला वाटलं होतं आता तरी बोलतील, पण होडी सुटली तरी ते हात हलवत नुसते उभेच होते.

गावच्या बंदरावर उतरल्यावर अम्मी घराकडे वळलीच नाही. प्रवासाच्या मळक्या कपड्यांत, टोपली माझ्या डोक्यावर, तशीच ती फुपूच्या घरी गेली. फुपूने पाणी दिलं, भावाची तब्येत विचारली. अम्मी पाणी प्यायली आणि एका दमात म्हणाली, की पोरगी सात वर्षं शिकायला जाणार आहे, लग्नाचा शब्द मोडला असं समजा. फुपूचा चेहरा पांढरा पडला. तिने एवढंच विचारलं, 'भाऊ काय म्हणाला?'

'हो म्हणाले,' अम्मी म्हणाली.

मी टोपली घट्ट धरली. अम्मीला मी त्याआधी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. फुपू म्हणाली, की हे मी त्याच्याच तोंडून ऐकेन. त्या रात्री अम्मीने पालक म्हणून स्वतःची सही केली, आणि सकाळी आम्ही अर्ज पोस्टात टाकला.

निवड झाल्याचं कळलं आणि आंब्यांच्या दिवसांत अब्बा सुट्टीवर आले. अम्मी काय बोलली हे त्यांना कुणीही कळवलं नव्हतं. फुपू दुसऱ्याच दिवशी सकाळी आली, मागे तिचे दोघे दीर. पडवीत बसली आणि सगळ्यांदेखत विचारलं, 'तुझी बायको सांगते, तू हो म्हणालास. खरं?'

अब्बांनी दचकून अम्मीकडे बघितलं. ती तांदूळ निवडत होती, मान खाली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी. त्यांनी 'नाही' म्हटलं असतं तर तो त्यांच्या आयुष्यातला पहिला नकार ठरला असता, आणि खराही.

'हो,' अब्बा म्हणाले. 'मीच म्हणालो, आपा.'

फुपू उठली, पायात चपला सरकवल्या आणि चहा न घेता गेली. पुढे मी सात वर्षं शिकले, पुष्कळ वर्षं दवाखाना चालवला, दुबईलाही किती तरी वेळा जाऊन आले. काचेच्या इमारतींत मला ती खाडी शोधावी लागते. फुपू मात्र अब्बांशी शेवटपर्यंत बोलली नाही. तिच्या मयतीला ते खांदा देऊन आले आणि पडवीत एकटेच रडत बसले. एवढ्या वर्षांत ते एकदाही म्हणाले नाहीत, ना तिला, ना मला, ना अम्मीला, की तो 'हो' माझा नव्हता.