दुखण्याआधीची आरोळी

रेल्वेतल्या बदलीमुळे आम्ही जयपूरला आलो आणि दोनच महिन्यांत माझा हात मोडला. प्लास्टर निघाल्यावर मी व्यायामासाठी सोडाला भागातल्या एका दवाखान्यात जाऊ लागले. तिथे शेजारच्या खुर्चीत रोज एक भरघोस मिशांचे काका असत. त्यांचाही हातच मोडलेला. नाव मी कधी विचारलं नाही. ते आलेत हे जिन्यातच त्यांच्या कण्हण्यावरून कळायचं.

व्यायाम घेणारी डॉक्टरीण नुसती दाराशी दिसली, की काका डोळे मिटून ओरडत, "मर गया!" हात खांद्यापर्यंतसुद्धा वर जात नसे. "अंकलजी, हड्डी कब की जुड़ गई," ती रोज समजवायची. काका मान हलवायचे, हात नाही.

एकदा मी विचारलं, "भाईसाहब, आप गिरे कैसे?"

काका एकदम खुलले. संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवताना समोरच्या घराशी त्यांचा पेच लागला होता. "और मैंने ऐसे खींचा!" म्हणत त्यांनी तोच हात थेट डोक्यावर नेला आणि हवेतला मांजा दोनदा ओढला. खोलीतले सगळे तिकडे बघू लागले. काकांनी वर आपल्या हाताकडे पाहिलं आणि मग किंचाळले.

"दर्द हुआ?" डॉक्टरिणीनं हसू दाबत विचारलं.

"हुआ नहीं," काका ओशाळून म्हणाले, "पर होने ही वाला था."

मला हसू आवरेना. तशी डॉक्टरीण माझ्याकडे वळली. "अब आप बताइए, आप कैसे गिरीं?"

मी सगळी हकीकत रंगवून सांगितली, पण हात पोटाशी घट्ट धरूनच.