तपासणीला लागलेलं मशीन

बिघडलेलं यंत्र दुरुस्त करता करता आणखी बिघडवणारी माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली. पण चांगलं चाललेलं यंत्र बिघडू नये म्हणून त्याला चालूच न देणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा मावसभाऊ निघाला. सगळं सासर त्यांना दादा म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. ते मला दाजी म्हणतात. त्यांच्या तोंडी या शब्दात बहिणीच्या नवऱ्याचा मान असतो आणि ज्याच्या हाताला कधी ग्रीस लागलं नाही त्याच्याबद्दलची कीवही असते. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो आणि दादा चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते. मी चुकलो तर कुणाला कळत नसे. ते चुकले तर लाइन थांबत असे. त्यामुळे आमच्या दोघांच्या बोलण्यात शेवटचा शब्द नेहमी त्यांचाच असतो, आणि मलाही त्यात काही गैर वाटत नाही.

निवृत्तीच्या दिवशी कंपनीने त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. बरोबर एखादं मशीन दिलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. दादा चिखलीच्या घरी आले, दोन दिवस गॅलरीत बसले आणि तिसऱ्या दिवशी त्यांची नजर मुलीच्या संगणकावर पडली. मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला तो संगणक, मुलगी शिकून, लग्न होऊन शेजारच्या सोसायटीत गेली तरी जागेवरून हलला नव्हता. कधीकाळी पांढरा असलेला त्याचा डबा आता जुन्या दातांच्या रंगाचा झाला होता. दादांनी त्याला संगणक किंवा कॉम्प्युटर कधीच म्हटलं नाही. ते त्याला ‘मशीन’ म्हणत. आठवड्याभरात टेबलाभोवती जमिनीवर पिवळ्या पट्ट्या चिकटल्या. माउस कुठे ठेवायचा हे कळावं म्हणून टेबलावर त्याची बाह्यरेषा काढली गेली. समोरच्या भिंतीवर ‘सुरक्षा प्रथम’ अशी पाटी लागली. देव्हारा त्याच खोलीत आहे; देवासमोर चपला घालून गेलेला पाहुणा एखादवेळी सुटेल, पण पिवळ्या पट्टीवर पाय दिलेला सुटणार नाही. आणि डब्याला कायमचा एक लाल टॅग लटकत असे: ‘मशीन तपासणीला आहे. हात लावू नये.’

दादांची रोगनिदानाची पद्धत एकच. खिशातला लांब स्क्रू ड्रायव्हर काढायचा, टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, “बेअरिंग.” आमच्या निगडीच्या घरी फ्रिज गुरगुरायला लागला तेव्हा त्यांनी असाच कान लावला. बेअरिंग. एका साखरपुड्यात लाउडस्पीकर घोगरा वाजला. बेअरिंग. लाउडस्पीकरला बेअरिंग नसतं हे मंडपवाल्याने नम्रपणे सांगितल्यावर दादांनी त्याच्याकडे, मालकाच्या मुलाने शॉप फ्लोअरवर काही सुचवावं तसं पाहिलं. संगणक चालू केला की आत हार्ड डिस्क फिरण्याचा बारीक आवाज येतो, तो त्यांना फार आवडे. निदान इथे तरी काहीतरी फिरत होतं. रोज सकाळी चहाच्या आधी ते डिस्कची नाडी ऐकत आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून रिपोर्ट देत, “बेअरिंग ओके!”

खरी भीती बेअरिंगची नव्हती, व्हायरसची होती. नोकरीच्या शेवटच्या वर्षात एका सकाळी कंपनीच्या ऑफिसातले सगळे संगणक एकदम कुलूपबंद झाले होते. पडद्यावर लाल अक्षरं, एकही फाइल उघडेना, आणि गेटपासून हमरस्त्यापर्यंत ट्रकांची रांग. टाय घातलेले साहेब लोक हात बांधून उभे आहेत, हे दृश्य दादांनी मला अनेकदा तपशीलवार आणि उघड आनंदाने सांगितलं आहे. पण त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमधून घरी येताना त्यांचा आनंद ओसरला, कारण त्यांना आपल्या घरचं मशीन आठवलं. त्यात वहिनींचा आवाज होता.

वहिनी बार्शीकडच्या. तिकडे हादगा म्हणतात, इकडे भोंडला. नवरात्रात पाटावर हत्ती मांडून मुलींनी फेर धरायचा आणि गाणी म्हणायची. चिखलीच्या त्या सोसायटीत बीडच्या, लातूरच्या, रत्नागिरीच्या बायका एकत्र आल्या होत्या आणि प्रत्येकीची चाल वेगळी होती. पण वहिनींनी आवाज लावला की सगळ्या त्यांच्या चालीवर येत. मुलीने कॉलेजात असताना आईची ही गाणी त्या संगणकावर रेकॉर्ड करून ठेवली होती. नंतर वहिनींच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि आवाजही गेला. आता त्या बोलतात ते वाऱ्याने कागद सरकावा तसं. त्या एवढंच म्हणाल्या, “जीव वाचला की. गाणी काय, आहेत त्या डब्यात.” दादांनी हे वाक्य फारच मनावर घेतलं.

त्यांनी सर्वप्रथम मशीनमध्ये अँटिव्हायरस बसवला. तो झोपला तर, म्हणून दुसरा. दोघं संगनमत करतील, म्हणून तिसरा. मग इंटरनेटच तोडलं. “तीन वॉचमन ठेवलेत दाजी, तीन शिफ्टचे,” ते मला म्हणाले. प्रत्यक्षात तिघंही एकाच वेळी ड्युटीवर असत आणि चोर नसल्यामुळे एकमेकांची झडती घेत. पेन ड्राइव्ह आणणाऱ्याला दारातच अडवलं जाई. गाण्यांची दुसरी प्रत करून ठेवावी, असं मी एकदा सुचवलं, तेव्हा दादा म्हणाले, “प्रत करायची म्हणजे बाहेरचं काहीतरी जोडायचं. जोडलं की व्हायरस आत. इकॉनॉमिक्समध्ये चालत असेल तसलं.” रोज सकाळी फर्स्ट शिफ्टच्या वेळेला ते पूर्ण डिस्कचं स्कॅनिंग लावत. तिघा वॉचमनांची तपासणी संपायला संध्याकाळ होई. त्यानंतर दादा डिस्कची आवराआवर करणारा प्रोग्रॅम लावत, आणि तो संपला की मशीनला विश्रांती हवी म्हणून ते बंद करत. दिवसभर मशीन चालू असे. वापरता मात्र ते कधीच येत नसे.

गेल्या नवरात्रात वहिनींच्या नातीचा पहिला भोंडला ठरला, अष्टमीला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. वहिनींना गाता येणार नव्हतं, म्हणून त्यांना ती जुनी गाणी वाजवायची होती. आजीचा खरा आवाज नातीने कधी ऐकलेलाच नव्हता. ही मागणी त्यांनी घटस्थापनेला केली. दादा म्हणाले, “स्कॅन होऊ दे.” दुसऱ्या दिवशी म्हणाले, “आवराआवर होऊ दे.” तिसऱ्या दिवशी त्यांनी खरंच एक गाणं लावायला घेतलं, तर पडद्यावरचं चक्र गोल गोल फिरत राहिलं आणि गाणं काही उघडेना. दादांनी मला फोन करून ब्रेकडाउन मीटिंगला बोलावलं.

या पट्ट्यातल्या कंपन्यांत काही बिघडलं की पाच वेळा ‘का’ विचारायची पद्धत आहे; पाचव्या ‘का’ला बिघाडाचं मूळ सापडतं म्हणतात. दादांनी मला खुर्चीत बसवलं, स्वतः उभे राहिले आणि सुरुवात केली.

“मशीन स्लो का? डिस्क बिझी आहे. डिस्क बिझी का? स्कॅन चालू आहे. स्कॅन का? व्हायरसची भीती. भीती का? आत हिचा आवाज आहे.” इथे ते थांबले. चार ‘का’ झाले होते आणि पाचवा सुचेना. माझ्याकडे पाहून म्हणाले, “बोला की दाजी, प्रोफेसर होता ना?”

स्वयंपाकघराच्या दारातून वहिनींचा कागदासारखा आवाज आला, “मग ऐकायचा कधी?”

दादांनी क्षणभर विचार केला. “हा प्रश्न मेंटेनन्सचा नाही,” ते म्हणाले. “प्रॉडक्शनचा आहे.”

कारखान्यात प्रॉडक्शनवाल्यांना मशीन पळवायचं असतं आणि मेंटेनन्सवाल्यांना ते थांबवून तपासायचं असतं. दोन्ही खात्यांचं जन्मभर पटत नाही. वहिनींनी आत जाऊन भांडी जरा जोरात लावली. प्रॉडक्शनचा निषेध नोंदला गेला. तेवढ्यात डब्यातून वेगळाच आवाज येऊ लागला: टक्, टक्, थोडं थांबून पुन्हा टक्. दादांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला, मूठ कानाशी धरली, डोळे मिटले. मी ‘बेअरिंग’ या शब्दाची वाट पाहत होतो. त्यांनी डोळे उघडले, मशीन बंद केलं आणि स्क्रू ड्रायव्हर उलटा खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी माझ्या गाडीतून आम्ही चिंचवड स्टेशनजवळच्या संगणक दुरुस्तीच्या एका दुकानात निघालो. डबा निवृत्तीच्या शालीत गुंडाळून दादांच्या मांडीवर. कंपन्यांच्या बस आणि कंटेनर यांच्यामधून गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती, आणि प्रत्येक गतिरोधक आला की दादा डबा दोन्ही हातांनी वर उचलून धरत होते, दहीहंडीतल्या सगळ्यात वरच्या गोविंदासारखे. एरवी ते माझ्या गाडीच्या आवाजावर बोलतात. त्या दिवशी त्यांचा कान फक्त डब्याकडे होता.

दुकान चालवणाऱ्या बाई चाळिशीच्या, कपाळावर चष्मा आणि जिभेला लगाम नाही. त्यांनी डबा उघडला आणि त्यातून कुंकू, अक्षता आणि वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या काउंटरवर सांडल्या.

“काका, हे काय?”

“गेल्या वर्षीची खंडेनवमी,” दादा म्हणाले. “कंपनीत पॅनेल उघडूनच पूजा करायचो आम्ही.”

“पंख्यात अक्षता अडकल्यात. लग्न लावलंत का त्याचं?” बाईंनी डिस्क काढून आपल्या यंत्राला जोडली आणि बराच वेळ पाहत राहिल्या. “व्हायरस एकही नाही.”

दादांचा चेहरा उजळला. “तीन वॉचमन आहेत!”

“वॉचमनमुळे नाही. इंटरनेट नाही, पेन ड्राइव्ह लावू देत नाही, मग व्हायरस येणार कसा, रिक्षाने? डिस्क म्हातारी झालीय, काका. आणि तुम्ही तिला रोज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला लावता, वर तीन-तीनदा. तपासून तपासून झिजवलीत. आता जे निघेल ते आजच काढून घ्यायचं. निघेलच असं नाही. तुम्ही घरी जा, मी फोन करते.”

“ब्रेकडाउन असताना मेंटेनन्सवाला घरी जात नाही,” दादा म्हणाले. पण आवाजात नेहमीचा रुबाब नव्हता.

आम्ही दुकानाबाहेरच्या बाकावर बसलो. समोर रिक्षावाले प्रवाशांवरून भांडत होते आणि शेजारी उसाचा चरक करकरत होता. त्या चरकाला खरोखरच बेअरिंग होतं आणि ते खरोखरच गेलं होतं, पण दादांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते म्हणाले, “दाजी, एक सांगू? ती गायची तेव्हा मी कधी ऐकलंच नाही. फर्स्ट शिफ्ट असली की झोपलेला असायचो, सेकंड असली की कंपनीत. वाटायचं, हे काय, घरचंच आहे. आरामात ऐकू.” मग म्हणाले, “कंपनीत पोरांना मी शिकवायचो, चालत्या मशीनला उगाच हात लावायचा नाही म्हणून.” अर्थशास्त्रात त्यावर काही नाही.

संध्याकाळी बाईंनी आत बोलावलं. बरंचसं निघालं होतं, काही कायमचं गेलं होतं. नक्की काय आलंय ते पाहायला त्यांनी एक फाइल लावली. दुकानाच्या किरकिऱ्या स्पीकरमधून आधी कुकरची शिट्टी आली आणि पाठोपाठ वहिनींचा आवाज: भरदार, मोकळा, सगळ्या बायकांना आपल्या चालीवर आणणारा. झेरॉक्स काढायला आलेला एक माणूस मागे वळून पाहू लागला. दादांना गहिवर आला की ते तांत्रिक बोलायला लागतात. “या स्पीकरचं जरा—” एवढं ते बोलले असतील नसतील, तेवढ्यात रेकॉर्डिंगमध्ये दादांचाच त्या वेळचा आवाज आला, “अगं, चहा झाला का?” गाणं थांबलं आणि वहिनी खणखणीत आवाजात म्हणाल्या, “अहो, गप्प बसा ना जरा! रेकॉर्ड होतंय!”

दादा गप्प बसले. तोंड अर्धवट उघडं, बोट स्पीकरकडे, तसेच. गाणं संपेपर्यंत त्यांनी ते बोटही खाली घेतलं नाही.

अष्टमीला पार्किंगमध्ये पाटावर हत्ती मांडला गेला. मुलीच्या फोनवरून आजीची गाणी लागली आणि नातीने फेर धरला. वहिनी खुर्चीत बसून नुसते ओठ हलवत होत्या. मधल्या त्या ओरडण्यावर सगळ्या पोरी खिदळल्या आणि नातीने ते गाणं पुन्हा लावायला लावलं. ओरडण्यासकट.

चिखलीच्या घरी तो डबा अजून पिवळ्या पट्ट्यांच्या आत उभा आहे. आत डिस्क नाही, वॉचमन नाहीत; खंडेनवमीला झाकणावर बाहेरूनच एक फूल वाहिलं गेलं. लाल टॅग मात्र निघालाय. सकाळी फर्स्ट शिफ्टच्या वेळेला आता स्कॅन लागत नाही, फोनवर ती गाणी लागतात. परवा मी सहज सकाळी गेलो होतो. दादा मला आमच्या कारच्या आवाजाविषयी काहीतरी गंभीर समजावत होते. वहिनी चहा घेऊन आल्या. फोनवर ते गाणं चालू होतं, आणि ‘अहो, गप्प बसा ना जरा’ आलं तसे दादा वाक्याच्या मधोमध थांबले. वहिनींनी कप त्यांच्यासमोर ठेवला आणि त्या शेजारी बसल्या. गाणं पुढे चालू राहिलं. चहा निवला तरी दादांनी कपाला हात लावला नाही, आणि माझ्या कारचं बेअरिंग गेलंय की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.